शशीची उघड्या तोंडाची अक्षरं

शशी गेल्याचं मला कोणी सांगितलं नाही, मी ते वाचलं. दारव्ह्याच्या भाजीबाजारात मेथीची जुडी हातात घेऊन उभी होते. मोबाइल वाजला म्हणून पिशवीतून काढला, तर आम्हा जुन्या चित्रकला शिक्षकांच्या ग्रुपवर एक चित्र आलेलं. कडेनं झेंडूची फुलं, मधे तिचा चष्म्यातला फोटो, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली ‘शशिकला मुनेश्वर, बोरी अरब’. आणि ही सगळी अक्षरं तिचीच होती. तिनं कात्रीनं कापलेल्या अक्षरांवरून जो फॉन्ट तयार झाला, त्यातली. ज्या फ्लेक्सवाल्यानं ते चित्र बनवलं त्याला हे बहुधा ठाऊकही नसावं. संगणकावर समोर जे बरं दिसलं ते त्यानं उचललं असेल. भाजीवाली विचारत होती, ‘ताई, घेता का ठेवता?’ आणि मी ‘भावपूर्ण’मधल्या ‘व’कडे बघत उभी. त्याच्या पोटात डावीकडून गेलेली ती बारीक चीर... रडू मला नंतर आलं, घरी मेथी निवडताना. बाजारात आधी मनात आलं ते असं, की हिच्या मरणाची बातमीसुद्धा हिच्याच अक्षरांत! माझी बातमी कोणत्या अक्षरांत येईल?

मी शशीचा हेवा आयुष्यभर केला. हे लपवून तिच्यावर काही लिहिणं मला जमणार नाही, आणि लपवायचं तरी कोणापासून? तिला ते पक्कं ठाऊक होतं.

आम्ही भेटलो अमरावतीला. दोघीही चित्रकला शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला, वसतिगृहात एकाच खोलीत. मी दारव्ह्याच्या शेतकरी घरातली, ती तिथून जवळच्याच बोरी अरबची, शिंप्याचं काम करणाऱ्या वडिलांची मुलगी. मी कंपास, पट्ट्या, चौकटीचे कागद आणि निरनिराळ्या टोकांच्या पेन्सिली घेऊन आले होते. ती एक कात्री घेऊन आली होती. वडिलांची, कापड कापायची, लांब पात्यांची, हातात धरली की मनगट खाली ओढणारी. आजोबांच्या वेळी घर बौद्ध झालं, तेव्हापासून जयंतीच्या मिरवणुकीचे निळे झेंडे आणि कापडी फलक त्यांच्याच घरी शिवले जात. फलकावर पांढऱ्या कापडाची अक्षरं कापून शिवायची असत. ते काम लहानपणीच शशीकडे आलं. वडील म्हणत, कापडावर आखत बसू नको, खडूचे डाग जात नाहीत, मनात अक्षर धर आणि काप. तिनं तेच धरलं. पुढे कापड सुटलं आणि घोटीव कागद आला, पुठ्ठा आला, थर्माकोल आला, पण आखणं काही आलं नाही.

त्या अक्षरांचं सांगायलाच हवं, कारण रोज शेकडो लोक ती बघतात आणि ती अशी का आहेत हे कोणाला माहीत नसतं. कागदाची कारखान्यात कापलेली सरळ कड तीच शिरोरेषा, म्हणून तेवढी एकच रेघ त्यांच्यात सरळ. तिच्याखाली सगळा दंगा. एवढी मोठी कात्री बारीक वळणात फिरत नाही, म्हणून शशी कात्री स्थिर ठेवून कागद फिरवायची, आणि गोलाईच्या जागी लहान लहान सरळ काप पडत जायचे, सुरीनं सोललेल्या बटाट्यासारखे. ‘ळ’चे दोन गोळे कधीच सारखे नसत. वेलांटी बकरीच्या कानासारखी लोंबायची. आणि ‘ब’, ‘व’, ‘क’, ‘प’ यांच्या पोटातला बंद भाग कापायचा तर कात्री आत जाणार कुठून? आम्ही बाकीच्या मुली त्यासाठी ब्लेड वापरायचो. शशी बाहेरूनच एक चीर मारून आत शिरायची, पोट कोरायची आणि त्याच वाटेनं बाहेर यायची. ती चीर तशीच राहायची. त्यामुळे तिची अक्षरं तोंड किंचित उघडून बसलेली दिसत. आत्ता काही तरी बोलणार होती आणि तुम्ही मधेच आलात, अशी.

अक्षरलेखनाच्या तासाला सर वर्गात फिरायचे. माझ्या कागदावर बोट ठेवून म्हणायचे, ‘बरोबर.’ शशीच्या कागदापाशी थांबले की हसायला लागायचे आणि बाकीच्यांना हाक मारायचे, ‘इकडे या रे, हे बघा.’ गुण मला जास्त पडायचे, हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. पण माझा कागद बघायला सरांनी कोणाला हाक मारली नाही.

पुढे मला दारव्ह्याच्या मुलींच्या शाळेत कायमची नोकरी लागली, लग्न झालं, स्नेहल झाली. शशीला नोकरी अशी लागलीच नाही. बोरीच्या शाळेत मानधनावर काही तास, आणि उरलेल्या वेळात अक्षरं. ती लग्नाच्या फंदात पडली नाही. भाऊ रमेश वडिलांचं दुकान चालवायचा, त्याच्या आणि रंजनावैनीच्या घरात मागच्या खोलीत ती राहायची. लोक म्हणतील, हेवा तर तिनं माझा करायला हवा होता. एकदा तीच म्हणाली, ‘माहा हेवा कायले करतं वं? घर तुह्यं, नोकरी तुही, नवरा तुहा!’ मी म्हटलं, ‘आणि अक्षरं?’ त्यावर ती कात्रीला तेल लावत बसली.

शाळेत स्नेहसंमेलन आलं. रंगमंचावरची अक्षरं दरवर्षी मीच करायची. त्या वर्षी मोठ्या बाईंनी मला बोलावलं आणि टेबलावरच्या कागदांशी चाळा करत म्हणाल्या, ‘सुमनताई, तुम्ही मन लावून करता हो... पण यंदा बोरीच्या त्या बाईंकडून अक्षरं कापून आणू. मुलींना हसरी अक्षरं आवडतात.’ मी आठवडाभर वर्गात कोणाशी धड बोलले नाही. संमेलनाच्या सकाळी शशी एसटीतून उतरली, जुन्या लुगड्यात अक्षरं बांधलेलं बोचकं काखेत. तडक माझ्याकडे आली आणि बोचकं माझ्या पायाशी ठेवून म्हणाली, ‘हे घे. आता लाव तूच. मले जागा सोडता येत नाई. मी लावले का हे सारे एकमेकाच्या अंगावर चढतेत.’

ते खरं होतं. तिची अक्षरं एकेकटी गमतीची, पण शब्दात बसवली की भांडायची. ‘र’ बारीक, ‘क्ष’ ऐसपैस, मात्रा शेजाऱ्याच्या डोक्यावर. मी शिडीवर चढले. एक अक्षर थोडं मागे, एक जवळ, ‘ग’च्या कान्याला जरा वारा... खाली उभं राहून ती नुसती ‘हां, हां’ करत होती. पडदा उघडला तेव्हा समोरच्या मुलींनी त्या अक्षरांनाच टाळ्या वाजवल्या. मी पडद्याच्या दोरीपाशी उभी होते. शशीनं माझा हात धरून जोरात दाबला. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता.

मग ती अक्षरं तालुक्याबाहेर गेली. बोरीतल्या जयंतीच्या कमानीवर ती होतीच, त्यानंतर चहाचं हॉटेल, कापूस खरेदीचं केंद्र, सलून, मंगल कार्यालय. दुकानदार यायचे, शशी कापून द्यायची, पेंटर तीच ठेवून पत्र्यावर गिरवायचे. मी एकदा फुलसावंगीला परीक्षेच्या कामाला गेले होते, तिथल्या रसवंतीवर ‘थंडगार’ हा शब्द सगळी तोंडं उघडून बसलेला, जणू त्यालाच तहान लागली आहे. अशा मोठ्या, थोडक्या, आनंदी शब्दांना ती शोभायची. सूचनेला आणि नियमाला नाही. एका दवाखान्यानं हौसेनं ‘शांतता राखा’ असं तिच्या अक्षरांत लावलं होतं. ते वाचून बाकावरचे पेशंट हसायचे आणि नर्सबाई वैतागायच्या. हे मी शशीला मोठ्या समाधानानं सांगितलं. ती माझ्यापेक्षा जास्त हसली.

स्नेहलचं लग्न ठरलं, मुलगा मारेगावचा. पत्रिका मी स्वतः लिहायची हे मी ती शाळेत होती तेव्हापासून ठरवून ठेवलं होतं. मी नमुना करून तिच्यासमोर ठेवला. तिनं तो बराच वेळ पाहिला.

‘आई, रागावू नको. पण तुझी अक्षरं शाळेच्या नोटिशीसारखी वाटतात गं. आपण पत्रिका शशीमावशीच्या अक्षरांत करू ना...’

मी ‘बरं’ म्हटलं. स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले. ज्या मुलीचा पाटीवरचा पहिला ‘अ’ मी हात धरून काढून घेतला, तिला आपल्या लग्नाला माझी अक्षरं नको होती. तिचं चूक नव्हतं, हेच जास्त लागलं. शेवटी मीच शशीला फोन केला. स्नेहलला काय हवं ते सांगितलं. माझा आवाज मी पुष्कळ सांभाळला होता. पलीकडून ती म्हणाली, ‘अवं, मी कशी कापू? अंगठाच कापला ना माहा. टाके पडले. कात्री धरताच येत नाई. तूच लिही.’

पत्रिका माझ्या अक्षरांत छापल्या. लग्नाला शशी आली ती उजव्या अंगठ्याला पांढरी पट्टी बांधून. हळदीपासून ती घरातच होती. पाहुण्यांना डाव्या हातानं पाणी देत होती, ‘काय झालं?’ विचारणाऱ्या प्रत्येकाला कात्रीची हकिकत रंगवून सांगत होती. वरात गेल्यावर मागच्या अंगणात नळावर आम्ही दोघी हात धुवायला बसलो. साबणाच्या पाण्यानं पट्टी सैल झाली आणि घसरून मोरीत पडली. अंगठा धडधाकट होता. टाके नाहीत, ओरखडासुद्धा नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

‘लवकर बरा झाला वं,’ ती म्हणाली आणि हसली.

मला हसता आलं नाही. तिनं ते माझ्यासाठी केलं होतं, हे कळत होतं. पण म्हणजे माझी पत्रिका तिनं मला दिलेलं दान होतं! मी म्हटलं, ‘माझी एवढी कीव येते का तुला?’ ती म्हणाली, ‘कीव नाई वं, सुमे...’ मी उठून आत गेले. त्यानंतर कित्येक महिने आमचं बोलणं बंद होतं. ती फोन करायची, मी घ्यायची नाही.

एका दुपारी दार वाजलं. शशी उभी होती आणि तिच्यामागे खांद्याला लॅपटॉपची बॅग लावलेली एक तरुण मुलगी. ‘चहा देतं का हाकलतं?’ शशी म्हणाली. ती मुलगी सायली, नागपूरची, संगणकासाठी मराठी अक्षरं बनवणारी. प्रवासात तिनं कुठे तरी रसवंतीची पाटी पाहिली, मग दुसरी पाहिली, ही अक्षरं कोणाची म्हणून विचारत विचारत बोरीला पोचली. शशीनं तिला सगळी मुळाक्षरं कापून दिली होती. सायलीनं ती संगणकात घातली, त्यांच्यामधली अंतरं हिशेबानं सारखी केली, आणि अक्षरं कवायतीला उभी केल्यासारखी मरगळली. तिनं बऱ्याच खटपटी केल्या. तेव्हा शशी तिला म्हणाली होती, ‘जागा माह्याजवळ नाई. जागा दारव्ह्याले राह्यते. चाल.’

मी चहा टाकला. नळावरच्या त्या गोष्टीचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

पुढचे दिवस माझ्या जेवणाच्या टेबलावर गेले. शशी आठवड्यातून दोनदा-तीनदा बसनं यायची आणि राहिलेली जोडाक्षरं कापायची. मी ती शब्दांत मांडून बोटाच्या टोकानं सरकवायची आणि सायली प्रत्येक अंतर मोजून संगणकात भरायची. नवरा म्हणायचा, जेवायला आता जमिनीवरच बसू या. निवृत्तीनंतर इतकं काम मी केलं नव्हतं, आणि इतकं हसलेही नव्हते. पण हेवा काही जेवायच्या सुट्टीवर जात नाही. मी एका अंतरासाठी दहा वेळा मागेपुढे करायची, आणि शेजारी शशी बोलता बोलता, खिडकीबाहेर बघत, ‘ज्ञ’ कापून टाकायची. सायली तो उजेडात धरून म्हणायची, ‘मावशी, कसला भारी!’ माझ्या रिकाम्या जागेला भारी कोण म्हणणार... ती तर दिसूच नये म्हणून मी धडपडत होते.

फॉन्टला नाव दिलं ‘बोरी’. आज तो कोणाच्याही फोनवर येतो. बारशाची चित्रं, क्रिकेटच्या स्पर्धा, निवडून आलेल्यांचं अभिनंदन, सगळं त्यात असतं. यवतमाळला एका सभागृहात शशीचा सत्कार झाला. तिनं आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. शाल सावरत माईकपाशी गेली, आणि म्हणाली, ‘हे अक्षरं माहे हायेत. पण दोन अक्षराच्या मधात जे रिकामं हाये ना, ते सुमनचं हाये. ते कोणाले दिसत नाई. पण ते नसलं तं वाचता येत नाई.’ आणि माझ्याकडे बोट दाखवलं. लोक वळले, टाळ्या झाल्या, मी उठून नमस्कार केला. परतताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती आणि मी जागी, बाहेर पळणारे तुरीचे पट्टे बघत. मला वाटत होतं, हेही हिलाच सुचावं! माईक माझ्या हातात असता तर मी तिचं नाव इतकं सहज घेतलं असतं का? अक्षरांचा हेवा एक वेळ समजू शकतो. पण माणसानं मोठं मनसुद्धा तिच्याचकडे असल्याचा हेवा करावा...

हृदयाचा त्रास तिला वर्षभर होता. चार पावलं चालली की बसायची. शेवटची भेट बोरीच्या घरी झाली. पाठीशी दोन उशा लावून ती खाटेवर टेकली होती, गुडघ्यावर नेहमीसारखा एक कागद, पण कापत नव्हती. रंजनावैनी चहा आणायला गेली तशी शशी म्हणाली, ‘सुमे, एक विचारू? तुले राग हाये ना माहा, अजून?’

‘राग नाही वं. हेवा.’

‘अजून?’

‘अजून.’

तिनं मान मागे टेकली. ‘बरं हाये मंग,’ ती म्हणाली. ‘लोकं हसतेत, वा वा करतेत, अन् निंगून जातेत. तुह्यासारखं ध्यान देऊन कोनंच पाह्यलं नाई.’

तेवढ्यात चहा आला आणि आम्ही स्नेहलच्या बाळाबद्दल बोलत बसलो. त्यानंतर पंधरवडाही गेला नसेल, ते झेंडूच्या फुलांचं चित्र माझ्या फोनवर आलं.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, बोरीत गर्दी होती. त्या दिवशी मी मागेच बसून परत आले. तिच्या खोलीत जायला नीट वेळ हवा होता. काही आठवड्यांनी, दुपार कलल्यावर, एकटीच गेले. रमेश दुकानात होता. वैनीनं मागची खोली उघडून दिली. मी इतक्यांदा त्या खोलीत बसले होते, पण नेहमी सकाळची गेलेली, दुपारच्या बसनं परतलेली. ही वेळ मी तिथे कधी पाहिली नव्हती. पश्चिमेच्या खिडकीच्या काचांवर शशीनं ऊन अडवायला कागद चिकटवले होते, अक्षर कापून घेतल्यावर हातात उरतात ते. निळे, लाल, पिवळे घोटीव कागद, आणि प्रत्येकात गेलेल्या अक्षराच्या आकाराचं भोक. मी खाटेवर बसले. वैनी झाडू घेऊन आली, खोली आवरायची होती. ती उंबऱ्यात थांबली.

‘ताई, थोडं थांबा,’ ती म्हणाली. ‘आता येतेच ते.’

ऊन खाली उतरलं आणि काचांत शिरलं. आधी भिंतीच्या कडेला एक वेलांटी उमटली. मग हळूहळू सगळीच आली, उलटी, तिरपी, लांबलेली, पोटं उजेडानं भरलेली, फरशीभर पसरली आणि माझ्या चपलांपर्यंत पोचली. एकमेकांच्या अंगावर चढलेली होती. कोणी जागा सोडलेली नव्हती, आणि ती सोडावी असं मला पहिल्यांदाच वाटलं नाही. किती सुंदर, असं मनात आलं, आणि त्याच्या मागोमाग तीच ओळखीची कळ...

‘रोज येते हे, ऊन उतरलं का,’ वैनी हलक्या आवाजात म्हणाली. ‘मी तवा झाडत नाई.’

तिनं झाडू दाराला टेकवला आणि तिथेच उभी राहिली. मी चपला काढून बाजूला सारल्या आणि पाय वर घेतले.